पाळीत फार रक्त जाते, म्हणून पिशवी काढावी का?

जोंधळ्याच्या सुगीत बाईने दुखणे अंगावर काढणे ही आपल्या घरांतली जुनी खोड. पाळीत रक्त वाहत असले तरी कापणी चुकत नाही. चक्कर आली तर ‘ऊन लागले’ म्हणायचे. आम्हा धर्मगुरूंपुढे तर हा विषय कोणी काढतच नाही, म्हणून आपणच लिहावे असे आम्हांला वाटले.

पाळी सात दिवसांपुढे गेली, फडके तासा-दोन तासाला बदलावे लागले किंवा रुपयापेक्षा मोठ्या रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तर तपासून घ्यावे. गर्भाशयातील गाठी, थायरॉइडचा किंवा हार्मोन्सचा बिघाड, क्वचित रक्त न गोठण्याचा दोष, अशी कारणे असतात. पुष्कळजणींना गोळ्यांनीच आराम पडतो. अंगात रक्त कमी झालेले असल्यास लोहाच्या गोळ्याही लागतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत.

कोणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढा’ म्हणाले, तर बीड आठवावे. तेथे २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की मजुरी बुडे, वर दंड. कॅन्सरची भीतीही घातली जाई. ऑपरेशनसाठी उचल घेतली, ती फेडायला पुन्हा ऊसच तोडायचा!

ऑपरेशन काहींना खरोखर लागते. पण आधी सोनोग्राफी आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. हुबळीचे केएमसीआरआय (पूर्वीचे किम्स) त्यासाठी आहे. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र सुगी संपायची वाट पाहू नये. जाताना पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात, आणि यजमानांनी सोबत जावे.