ध्यान ते झेन : एका चिनी अक्षराची कथा

आयुष्यभर मी मराठी शब्दांच्या व्युत्पत्ती शिकविल्या आणि आज एका चिनी अक्षराविषयी बोलणार आहे. त्या अक्षराकडे मी मराठीच्याच वाटेने गेलो. ‘झेन’ हे नाव आपल्याकडे रस्तोरस्ती पोहोचले ते १९९३ साली, मारुतीच्या मोटारीवर बसून. ‘झेन’ जपानी, तो चिनीतून आला आणि मूळ आपले ‘ध्यान’, एवढे सांगून आपण अभिमानाने थांबतो. मधल्या चिनी अक्षराची विचारपूस कोणी करीत नाही. मला हा त्या अक्षरावर अन्याय वाटतो.

प्रथम ध्वनी पाहू. संस्कृतातील ‘ध्य’चा प्राकृतात ‘झ’ होतो. वन्ध्येची ‘वांझ’ झाली ती याच नियमाने; संध्येची ‘सांज’ आणि मध्यगृहाचे ‘माजघर’ होताना पुढे महाप्राणही गळाला. त्याच नियमाने ध्यानाचे पालीत ‘झान’ झाले. चीनमध्ये बौद्ध ग्रंथ गेले ते पुष्कळसे वायव्येकडील गांधारी प्राकृतातून आणि मध्य आशियातील भिक्षूंच्या मुखातून. आन शिगाओ हा पार्थियन भिक्षू इ. स. १४८ मध्ये लोयांग नगरीत आला व त्याने ध्यानविषयक ग्रंथ चिनीत आणले. हा प्राकृत ध्वनी लिहिण्यासाठी जे अक्षर रूढ झाले, त्याचा उच्चार पूर्वी ‘ज्यन’च्या जवळचा होता. आजच्या प्रमाण चिनीतला उच्चार देवनागरीत लिहावा तर ‘छान’ होतो. आपल्या ‘छान’शी त्याचे काही नाते नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशी नाती जुळविणारे हौशी विद्वान आपल्याकडे कमी नाहीत.

चिनीत वर्णमाला नाही. परका ध्वनी लिहावयाचा तर बहुधा आधीच अर्थ असलेले अक्षर उसने घ्यावे लागते. या अक्षराचा डावा भाग वेदीचा, म्हणजे देवकार्याचा सूचक. उजवा भाग सुटा लिहिला तर अर्थ ‘एकटा’. म्हणून ‘वेदीपुढे एकटा बसतो तो ध्यानस्थ’ असा गोड अर्थ सांगितला जातो. तो मानू नये. उजवा भाग येथे केवळ उच्चार दाखवितो, आणि अक्षर बुद्धधर्म चीनमध्ये येण्यापूर्वीचे आहे. त्याचा जुना अर्थ, सम्राटाने भूमीप्रीत्यर्थ केलेला विधी. इ. स. पू. २१९ मध्ये छिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाने थाय पर्वतावर आकाशासाठी आणि जवळच्या लहान टेकडीवर भूमीसाठी विधी केला. दुसऱ्याचे नाव हे. शिवाय, योग्य माणसाच्या हाती राज्य देऊन सिंहासन सोडणे, हाही त्याचा अर्थ. इ. स. २२० मध्ये शेवटच्या हान सम्राटाने त्साव फीला राज्य ‘दिले’, त्या प्रसंगाला हाच शब्द लावतात; देणाऱ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, ही गोष्ट वेगळी. या दोन्ही अर्थी चिनी माणूस तेच अक्षर ‘शान’ असे वाचतो.

पुढे हे अक्षर कोरियात ‘सॉन’, व्हिएतनाममध्ये ‘थिएन’ आणि जपानमध्ये ‘झेन’ झाले. कोरियन लोक आता ते आपल्या ध्वनिलिपीत लिहितात. तेथे ‘चांगुलपणा’ आणि ‘रेषा’ या अर्थांचे शब्दही हुबेहूब तसेच दिसतात, आणि वाचकाला संदर्भ पाहावा लागतो. जपानीत ध्यान आणि सिंहासनत्याग यांचा उच्चारही एकच. पक्षनेत्याने आपल्या पसंतीच्या वारसाला पद दिले की जपानी वृत्तपत्रे त्याला ‘झेन्जो’ म्हणतात. मला सर्वांत मोह पडतो तो व्हिएतनामच्या त्रान न्हान तोंग या राजाचा. त्याने १२९३ मध्ये मुलाला गादी दिली, पुढे भिक्षू झाला आणि ‘चुक लाम’, म्हणजे वेळुवन, या ध्यानपंथाचा संस्थापक ठरला. अक्षराचे दोन्ही अर्थ एकाच माणसाने जगून दाखविले! मूळ ‘ध्यान’ शब्दात सिंहासन कोठेच नाही. ते चीनने दिले.

चिनीत ‘खौथौछान’ असा एक शब्द आहे, अर्थ ‘तोंडचे ध्यान’. अनुभवावाचून ध्यानाच्या गोष्टी करणाऱ्यांना तो टोमणा होता. आता कोणाच्याही जिभेवर बसलेल्या पालुपदाला तो म्हणतात. आपणही मागे नाही. देवाच्या मूर्तीच्या रूपाला आपण ध्यान म्हणतो, आणि विस्कटलेल्या केसांनी वर्गात उशिरा शिरणाऱ्या विद्यार्थ्याला पाहून ‘आले बघा ध्यान!’ असे मीच कितीदा म्हटले आहे. त्यांतली काही ध्याने आज येथे पहिल्या रांगेत बसली आहेत.