रोमन मोजणीची हत्यारं नव्याने घडवताना

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराला पाणी देणारा रोमन कालवा सुमारे 50 किलोमीटर लांब आहे. उझेसपासून नीमपर्यंत त्याचा एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी 25 सेंटीमीटर. दुर्बीण नसताना ही पातळी काढली कशाने? हत्यारं नव्याने घडवून पाहणाऱ्यांचा हाच प्रश्न आहे.

पातळीच्या आधी रेषा: सरळ रेषा आणि काटकोन आखणाऱ्या ग्रोमा या उपकरणाच्या बाबतीत निदान पुरावा हाती आहे. 1912 साली पाँपेईतल्या एका कारखान्यात त्याचे धातूचे भाग सापडले. इटालियन पुरातत्त्वज्ञ मात्तेओ देल्ला कोर्ते यांनी त्यांवरून पूर्ण उपकरण उभं केलं: जमिनीत रोवलेला खांब, त्यावर आडवा हात, हातावर फुली आणि फुलीच्या चार टोकांना चार ओळंबे. समोरासमोरच्या दोन दोऱ्या नजरेत एक झाल्या की सरळ रेषा मिळते. उरलेल्या दोन दोऱ्या काटकोन देतात. गवंड्याच्या गुण्याचंच हे काम, फक्त शेतजमिनीच्या मापाचं. तो आडवा हात मुळात होता का, याबद्दल मात्र पुढे शंका घेतली गेली.

ग्रोमाचा वैरी वारा. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तेव्हाच लिहून ठेवलंय की दोऱ्या हलत राहतात. त्यावर तोड म्हणून काही जण वजनं पोकळ नळ्यांत सोडतात, पण ती नळीला घासली की ओळंबा खोटा पडतो.

पातळीसाठी रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस कोरोबाटेस हे उपकरण सुचवतो: 20 फुटी लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना पाय आणि ओळंबे. वारा असेल तर पट्टीवरच्या पाच फुटी खाचेत पाणी भरायचं. हे बनवायला सोपं, वापरायला अवघड. सहा मीटरचं हे धूड डोंगरउतारावर वागवायचं, वर प्रत्येक जागी पायांखाली पाचरी मारायच्या.

म्हणूनच एम. जे. टी. लुईस या ब्रिटिश अभ्यासकाने वेगळी वाट धरली. 2001 च्या आपल्या ग्रंथात त्याने लांब पल्ल्याच्या पातळीचं श्रेय लिब्राला दिलं, म्हणजे तराजूसारख्या टांगलेल्या दांडीला. लिब्राचा एकही नमुना सापडलेला नाही. लुईसने तर्काने ती बनवली आणि मैदानात नेऊन तपासली.

अशा चाचणीतून ‘रोमनांनी हेच वापरलं’ असं सिद्ध होत नाही. या हत्याराने काम होऊ शकतं, एवढंच ठरतं. पण कागदावर सुबक दिसणारं कोणतं हत्यार उतारावर निरुपयोगी आहे, हे मात्र घडवून पाहिल्याशिवाय कळत नाही.