रबरी शिक्का, मायक्रॉनचा नेम

१९९३ मध्ये हार्वर्डच्या अमित कुमार आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी चक्क रबरी शिक्क्याने सोन्याच्या पातळ थरावर मायक्रॉनच्या मापाची नक्षी उमटवली. शाई थायॉल रेणूंची. टेकेल तिथे एका रेणूइतक्या जाडीचा थर धरते.

एक ठसा सोपा. खरी परीक्षा दुसऱ्याची, तो पहिल्यावर नेमका बसायला हवा! शिक्का सिलिकोन रबराचा. तापमान एका अंशाने वाढलं तरी सेंटीमीटरभर शिक्का जवळपास ३ मायक्रॉन फुगतो. म्हणून रबराचा पातळ थर काचेवर चिकटवतात; काच त्याला आडवं पसरू देत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की शिक्का पारदर्शक असतो. सूक्ष्मदर्शकातून आरपार बघत खालच्या खुणेवर वरची खूण आणायची, मग अगदी हलकेच टेकवायचं.