टाचेमागचं सतरावं वर्ष

अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत युनियन यांनी हवेत अणुचाचण्या न करण्याचा करार केला तो १९६३ साली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९५५पासून वाढत गेलेल्या स्फोटांतून सुटलेल्या न्यूट्रॉन्सनी हवेतल्या नायट्रोजनचा कार्बन-१४ केला आणि उत्तर गोलार्धाच्या हवेत या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. तो झाडांत गेला, झाडांतून गव्हा-तांदळात, चाऱ्यातून दुधात, आणि तिथून जेवणाऱ्या प्रत्येक माणसात. करारानंतर हवेतलं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. यातून शास्त्रज्ञांची एक अघोरी सोय झाली. शरीरातल्या एखाद्या ऊतीचा कण घ्यायचा, त्यातला कार्बन-१४ मोजायचा, हवेतल्या नोंदींशी ताडून बघायचा, की ती ऊती साधारण कधी घडली ते कळतं.

कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ साली ही युक्ती ॲकिलिस टेंडनला लावली. टाचेच्या वर, पोटरीकडे जाणारी, चिमटीत सहज धरता येते ती जाड शीर म्हणजे हे टेंडन. मृत व्यक्तींच्या टेंडनच्या गाभ्यातला कार्बन मोजल्यावर आढळलं, की तो गाभा माणसाच्या पहिल्या सतराएक वर्षांतच घडतो आणि पुढे त्यात जवळजवळ काहीच बदलत नाही. स्नायू सतत नव्यानं घडत राहतात, हाडंही हळूहळू बदलतात. हे टेंडन मात्र दहावी-बारावीत असताना जे होतं तेच. पन्नाशीत शुगरचा रिपोर्ट बघून पळायला लागलेला माणूस आपल्या कुमारवयातल्या शिरेवर पळत असतो. मला तरी हे वाचल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

मग प्रश्न येतो तो असा: ज्या ऊतीचा गाभा शरीर बदलतच नाही, ती दुखावली तर बरी कशी होते? होते, हे हजारो धावकांना ठाऊक आहे. पण ती ज्या रीतीनं बरी होते ती आपल्या सगळ्या घरगुती समजुतींच्या उलट आहे.

आधी या शिरेवर काय गुदरतं ते बघू. फिनलंडच्या पाव्हो कोमी यांनी १९८०च्या दशकात एक धाडसी प्रयोग केला. जिवंत माणसाच्या ॲकिलिस टेंडनभोवती छोट्या शस्त्रक्रियेनं बकलसारखं बलमापक बसवलं, जखम शिवली आणि त्याला पळायला लावलं. सर्वाधिक ताण नोंदला गेला तो सुमारे ९ किलोन्यूटन, शरीराच्या वजनाच्या साडेबारा पट. इतर पद्धतींनी काढलेले आकडे बरेचसे सहा-आठ पटींच्या आसपास येतात. तेच धरू. साठ किलोचा माणूस साध्या वेगानं पळताना दर पावलाला साडेतीनशे ते पावणेपाचशे किलोंची ओढ, आणि ती सोसणाऱ्या शिरेची जाडी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. मॅरेथॉनमध्ये दोन्ही पायांची मिळून चाळीस हजारांच्या आसपास पावलं पडतात.

आणि ही शीर नुसती सोसत नाही. लीड्स विद्यापीठाचे मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हिशेब मांडला, की मध्यम वेगानं पळणाऱ्या सत्तर किलोच्या माणसाचं पाऊल जमिनीवर टेकतं तेव्हा सुमारे १०० ज्यूल ऊर्जा शोषली जाते. त्यातली ३५ ज्यूल एकटं ॲकिलिस टेंडन ताणून साठवतं, तळपायाची कमान आणखी १७ साठवते, आणि पाऊल उचलताना यातली बहुतेक ऊर्जा परत मिळते. म्हणजे पळण्यातलं निम्मं काम जवळपास फुकटात होतं. त्याचं बिल या शिरेच्या नावावर फाटतं.

बिघाड येतो तो बहुधा चोरपावलांनी. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर शीर जाडसर लागते, दाबली की दुखते. सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली चार पावलं लंगडत पडतात, चहा होईतो पाय मोकळा होतो. पळायला सुरुवात करताना दुखतं, दोन किलोमीटरनंतर दुखणं गायब. इथंच धावक फसतो. ‘गरम झालं की ठीक होतं’ म्हणत तो लाँग रन पुरा करतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, त्यामुळे दिवाळीनंतर किलोमीटर वाढवण्याची घाई असते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढायचा, तर सराव चढावरच हवा. चढावर घोटा जास्त दुमडतो, पोटरीला जास्त खेचावं लागतं. दुखणं सुरू झालेलं असताना चढाचा सराव वाढवणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

मग ठरलेले उपाय: शेक, मलम, मालिश, क्रेप बँडेज आणि महिनाभर सक्तीची रजा. रजेत बरं वाटतंच. पुन्हा पळायला लागलं की आठवड्यात दुखणं हजर. कारण त्या महिन्यात शिरेची ताकद वाढलेली नसते, उलट पोटरीची उतरलेली असते.

स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन यांची गोष्ट या वैद्यकात दंतकथेसारखी सांगितली जाते. ते स्वतः धावक, आणि त्यांचंच ॲकिलिस टेंडन दुखत होतं. शस्त्रक्रिया करून घ्यायची म्हटलं तर वरिष्ठांनी नकार दिला. इतकी रजा द्यायची त्यांची तयारी नव्हती. मग त्यांनी ठरवलं, शीर इतकी बिघडवायची की ऑपरेशन करावंच लागेल. दुखऱ्या पायाची टाच पायरीच्या कडेवरून खाली सोडायची, मुद्दाम दुखेल अशी, पुन्हा पुन्हा. शीर काही बिघडली नाही. दुखणंच निघून गेलं.

त्यातून निघालेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. बरेच दिवस दुखणं घेऊन बसलेल्या पंधरा हौशी धावकांना त्यांनी बारा आठवडे एकच व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं, टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची, आणि वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून पंधरा-पंधराचे तीन सेट, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच, कारण वाकवल्यावर काम आतल्या सोलियस स्नायूवर येतं. दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस. रोजचे १८० वेळा. दुखलं तरी थांबायचं नाही. दुखेनासं झालं की पाठीवरच्या पिशवीत वजन घालायचं. बारा आठवड्यांनी पंधराही जण पूर्वीसारखे पळू लागले होते. तुलनेसाठी घेतलेल्या, नेहमीचे उपचार झालेल्या पंधरा जणांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. अभ्यास छोटा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हे खरं. पण त्यानं दिशा बदलली, हेही तितकंच खरं.

नंतर कळलं की जादू टाच खाली सोडण्यात नव्हती. डेन्मार्कमध्ये २०१५ साली जिममध्ये आठवड्यातून तीनदा, जड वजनानं, अगदी सावकाश वर-खाली करण्याच्या व्यायामाची तुलना आल्फ्रेडसनच्या व्यायामाशी झाली. गुण सारखाच, आणि बारा आठवड्यांनंतर जड-सावकाश गटातले रुग्ण जास्त खूश होते. रोज १८० वेळा पायरी गाठण्याचा कंटाळा ज्यानं अनुभवलाय त्याला यात नवल वाटणार नाही.

तर भार हाच इथं औषधासारखा आहे. कसा? टेंडनमध्ये कोलॅजनच्या तंतूंच्या रांगांमध्ये लांबट, बारीक पेशी अडकलेल्या असतात. शीर ताणली की त्या पेशींना ओढ कळते आणि त्या ओढीचं उत्तर म्हणून त्या नवं कोलॅजन बनवतात. ओढच नाही, तर बनवायचा निरोपही नाही. जोरदार व्यायामानंतर पहिला दीड दिवस मोडतोड जास्त आणि बांधकाम कमी असतं, पारडं फिरतं ते त्यानंतर. म्हणून जड व्यायामाच्या दोन दिवसांमध्ये अंतर हवं. रोज धपाधप पळणाऱ्याच्या शिरेला बांधकामाची पाळीच येत नाही.

पण गाभा तर बदलत नाही म्हणालो ना? निरोगी शिरेत बदलत नाही. कोपनहेगनच्याच गटानं २०१८ साली दुखऱ्या शिरांवर तेच अणुस्फोटी मोजमाप केलं, तर तिथं कोलॅजनची उलाढाल असामान्य प्रमाणात चाललेली सापडली, आणि ती लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून. पेशी गोल होतात, पाणी धरून ठेवणारी द्रव्यं साचतात, शीर फुगते, पुढच्या बाजूनं नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत नसा आत शिरतात. ज्या सोमवारी तुम्हाला ते दुखणं ‘सुरू झालं’ असं वाटतं, त्या सोमवारी ते मोठ्या आवाजात बोललं एवढंच.

आणि हा बिघडलेला भाग पुरता पूर्ववत होतोच असं नाही. सोनोग्राफीत काळा डाग दिसतच राहतो, माणूस मात्र विनातक्रार पळतो. ऑस्ट्रेलियातल्या जिल कुक आणि सीन डॉकिंग यांनी मोजून दाखवलं, की बिघडलेल्या जागेभोवती शीर जाड झालेली असते आणि तिथल्या नीट रांगेतल्या तंतूंचं एकूण प्रमाण निरोगी शिरेइतकं, कधी त्याहून जास्त भरतं. त्यांचा सल्ला असा, की डोनटवर उपचार करा, भोकावर नको. आपण मेदूवडा म्हणू. म्हणून तीन महिन्यांनी सोनोग्राफी परत करून ‘अजून तसंच आहे’ म्हणत खचणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की फोटोपेक्षा जिना विश्वासार्ह आहे. एका पायावर, न थांबता, वीस-पंचवीस वेळा टाच पूर्ण उचलता येते का, ते बघा.

दुखत असताना पळावं का, यावर भांडणं पुष्कळ झाली. स्वीडनमधल्या कारिन सिल्बेरनागेल यांच्या २००७च्या अभ्यासात ३८ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिले सहा आठवडे पळणं-उड्या बंद ठेवायला सांगितलं, उरलेल्यांना व्यायामासोबत पळू दिलं. अट अशी, की शून्य ते दहाच्या मापात दुखणं पाचाच्या वर जाता कामा नये, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. दोन्ही गट सारखेच सुधारले. हे ऐकून लगेच तासाभराच्या रनला निघू नये. ‘पाच’ हा आकडा मोजताना स्पर्धेचं बिब हातात आलेला धावक सर्रास लबाडी करतो. दुसऱ्या सकाळची पहिली पावलं सहसा खोटं बोलत नाहीत. निकाल त्यांना देऊ द्यावा.

दोन अपवाद लक्षात ठेवण्याजोगे. दुखणं थेट टाचेच्या हाडावर, शीर जिथं चिकटते तिथं असेल, तर टाच पायरीच्या खाली नेऊ नये. तिथं शीर हाडावर दाबली जाते आणि त्या दाबानंच चिडते. अशांनी सपाट जमिनीवरच टाच उचलावी. बुटात टाचेखाली छोटी उशी घातली तरी बराच आराम पडतो. दुसरा अपवाद औषधाच्या पट्टीत दडलेला असतो. जुलाब किंवा लघवीच्या संसर्गासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या-घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या प्रतिजैविकांनी टेंडन दुखावू शकतं, फाटूही शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली त्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. शीर दुखत असताना ही गोळी मनानं घेऊ नये, आणि डॉक्टरांना पळण्याबद्दल आधी सांगावं.

मधूनच कधी शीर पुरती तुटते. ज्यांची तुटली ते बहुतेक एकच सांगतात: मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर कुणी नव्हतं. पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही, तर शंका जवळजवळ पक्की. तिथं पायरीचे प्रयोग नाहीत, थेट अस्थिरोगतज्ज्ञ.

उरलेल्यांसाठी मुदत महिन्यांत मोजावी लागते, आणि त्यात एक अनपेक्षित अडथळा येतो. सिल्बेरनागेल यांनी आपल्या रुग्णांना पाच वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा ८० टक्के जण निव्वळ व्यायामानं पूर्ण बरे झालेले होते. पण ज्यांच्या मनात हालचालीची भीती जास्त होती, त्यांच्या पोटरीची ताकद कमी परतली होती. म्हणून जाणते फिजिओ ताकद मोजून थांबत नाहीत. टाच उचलणं जमलं, की आधी दोन पायांवर, मग एका पायावर उड्या मारायला लावतात, आणि त्या जमल्यावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दिवसाआड, सपाटीवर. चढ सगळ्यात शेवटी.