खाट वाहून आणणारे चौघे

संत मार्कलिखित शुभवर्तमानात कफर्णहूम येथील पक्षाघाती मनुष्याची हकीकत आहे. दारातून वाट मिळेना, म्हणून चौघांनी छप्पर उसकटून त्याची खाट प्रभू येशूपुढे खाली सोडली. बरा झालेला मनुष्य सर्वांच्या ध्यानात राहतो. खाट वाहणाऱ्यांची नावे शुभवर्तमानातही नाहीत. तथापि त्यांचा विश्वास पाहूनच प्रभू द्रवला. आपल्या गावोगावी अशी खाट वाहणारी माणसे आहेत. बहुधा ती माता असते. कोठे वृद्ध पिता, कोठे बहीण. अपंगांच्या हक्कांविषयी आपण बोलतो. त्यांना सांभाळणाऱ्यांच्या हक्कांचे काय?

हैदराबादेतील जामबागेचे उदाहरण घेऊ. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे त्या शहरात मराठी वस्ती जुनी आहे. 1907 साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था जामबागेतच आहे. तेथे शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन मराठी माता आहेत अशी कल्पना करा. दोघींची मुले जन्मापासून अंथरुणाला खिळलेली. एक केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीस आहे, दुसरी एका लहानशा कापडदुकानात.

पहिलीला संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. इतर मुलांसाठी 18 वर्षांची मर्यादा आहे, अपंग मुलासाठी वयाची अट नाही. 2014 च्या आदेशानुसार नित्याच्या फिरत्या बदलीतूनही तिला सूट मागता येते. 2018 साली ही सवलत अपंग जोडीदार, आईबाप व भावंडे सांभाळणाऱ्यांनाही लागू झाली. दुसरीला अशी रजा देण्यास दुकानदार बांधलेला नाही. मुलाला ताप आला की तिचा रोज बुडतो. वारंवार बुडाला तर नोकरीही जाते. माया तीच, कष्ट तेच. संरक्षण मात्र एकीलाच!

हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापिकेला अपंग मुलासाठी अशी रजा नाकारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2024 रोजी आपल्या आदेशात म्हटले की, नोकरीत स्त्रियांचा सहभाग राखणे ही मेहरबानी नसून राज्यघटनेची अपेक्षा आहे. हे तत्त्व केवळ सरकारी कचेऱ्यांपुरते का असावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये, अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी सांभाळ-भत्त्याचा उल्लेख आहे; पण तो शासनाच्या आर्थिक कुवतीवर सोपविलेला आहे. केरळने अशा सांभाळणाऱ्यांसाठी आश्वासकिरणम् योजना चालविली. तेलंगणाने 2023 साली अपंगांचे मासिक साहाय्य 3,016 रुपयांवरून 4,016 रुपये केले. हे स्वागतार्हच आहे; परंतु ते अपंगाच्या निर्वाहासाठी आहे, मातेच्या बुडालेल्या रोजाची भरपाई नव्हे.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली कामगाराच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या श्रमविषयक परिपत्रकात, केवळ कुटुंबासाठी झटणाऱ्या मातांना साहाय्य मिळावे असे सांगितले. मुलाला कूस पालटून देणे, भरविणे, रात्री जागणे, हेही श्रमच आहेत. ज्या समाजाला त्यांची किंमत कळत नाही, त्याचे दानधर्म अपुरे आहेत.

जे आज मिळू शकते, ते तरी पदरात पाडून घ्यावे. प्रथम अपंगत्वाचा दाखला व ओळखपत्र काढावे. महाराष्ट्रातील गरीब कुटुंबांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कचेरीत चौकशी करावी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील सभासद निवर्तल्यास, त्याच्या कायम व पूर्णतः अपंग अपत्याला वयाची अट न लागता निवृत्तिवेतन मिळते. म्हणून मुलाचे नाव नोंदविलेले आहे ना, हे पाहावे. मतिमंद, स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने पीडित वा बहुविकलांग व्यक्ती 18 वर्षांची झाल्यावर, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्यातील स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. “आमच्यामागे याचे कोण?” या प्रश्नाचे ते निदान अर्धे उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर आपण शेजाऱ्यांनी द्यावयाचे आहे. रविवारी एखाद्या थकलेल्या मातेला निवांतपणे मिस्साला जाता यावे म्हणून तासभर तिच्या मुलापाशी कोणी बसेल काय? खाट जड आहे. ती चौघांनी वाहावयाची असते.