‘त्याचा स्वभावच तसा आहे’
लेखमाला : माणसे आणि काम – लेखांक ७

टीममधल्या एखाद्याच्या उर्मटपणाबद्दल कोणी साहेबांकडे गेले की बहुतेक ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते : त्याचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका. पाठोपाठ फणसाचा दाखला येतो, वरून काटे आणि आत गरे. त्रास झाला तर तो ऐकणाऱ्याच्या मनाला, कामाचे काही बिघडत नाही, असे यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतकच चुकीचे आहे. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातील २४ पथकांवर इस्रायलमध्ये झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाच्या आतड्याला गंभीर आजार होऊन त्याची प्रकृती झपाट्याने खालावते, अशा प्रसंगाचा तो सराव होता. परदेशी तज्ज्ञ तुमचे काम पाहणार आहेत, असे पथकांना सांगितलेले होते. काही पथकांशी हे तज्ज्ञ सरळ बोलले, काहींना त्यांनी किंचित हिणवले. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, आणि जे बोलले त्याचा त्या पथकाच्या कामगिरीशी संबंधही नाही. कोणाला काय ऐकावे लागले हे परीक्षकांना ठाऊक नव्हते. तरीही निदानाचे सरासरी गुण सरळ वागणूक मिळालेल्यांना ३.२ आणि हिणवलेल्यांना २.६ पडले. प्रत्यक्ष उपचारांतही हिणवलेली पथके मागे पडली. याचे कारण शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या : ती माणसे एकमेकांना माहिती कमी देत होती आणि एकमेकांकडे मदतही कमी मागत होती.

हा सराव होता, बाळ खरे नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे बोलणारा परका होता, त्याच्या हाती कोणाची बढती नव्हती की रजा नव्हती. रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचे बोलणे त्याहून हलके कसे ठरेल? ‘कालांतराने सवय होते’ असेही म्हणतात. सवय होते खरी, पण गप्प बसण्याची. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चूक दाखवायचीच नाही का, सगळ्यांनी तोंडात साखर ठेवूनच बोलायचे का? तसे मुळीच नाही. ‘या हिशेबात मागच्या महिन्याची बिले राहिली आहेत’ हे कडक आवाजात सांगितले तरी ऐकणाऱ्याला काय दुरुस्त करायचे ते कळते. ‘तुम्हाला शाळेत बेरीज शिकवली नव्हती का?’ यातून काहीच कळत नाही, फक्त पुढची शंका विचारायची हिंमत जाते. ‘आमच्याकडे कधी तक्रारच येत नाही’ असे सांगणाऱ्या साहेबांनी तर जास्त सावध राहावे. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे चूक बोलून दाखवता येत होती.

म्हणून दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणे हा उपाय मला फसवा वाटतो. त्याने कामातला बिघाड दोन माणसांचे भांडण होऊन बसतो. त्यापेक्षा तारीख, वापरलेले शब्द आणि त्यामुळे अडलेले काम एवढेच लिहून ठेवावे, आणि वरिष्ठांनी उशिरा आलेल्या मालाची दखल घ्यावी तशी त्याची घ्यावी, संबंधित माणूस कितीही कामाचा असला तरी. नुसत्या कायद्यावर विसंबता येणार नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, पण ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा शिक्षणसंस्थांपुरता आहे. कार्यालयात सहकाऱ्याला रोज पाण्यात पाहणाऱ्यासाठी यांपैकी एकही लागू पडत नाही. तेव्हा अशी लेखी नोंद आपल्या कार्यालयात नेमकी कोणाकडे द्यायची, एवढे या आठवड्यात विचारून पाहा.