राजमार्ग आणि आडवाट

ज्या पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी पोर्तुगिजांच्या गोळ्या छातीवर झेलल्या, त्याच वाटेने आज गोव्यातील दारूचे खोके रात्रीच्या अंधारात परराज्यात जातात. भाजीच्या पोत्यांखाली किंवा गाडीच्या चोरकप्प्यात दडविलेल्या बाटल्या इन्सुलीच्या नाक्यावर पकडल्या जातात. दक्षिणेस पोळे ओलांडल्यावर माजाळीच्या नाक्यावरही तोच प्रकार. वृत्तपत्रात चार ओळी येतात. मुद्देमाल जप्त होतो आणि गजाआड जातो तो पोटासाठी गाडी हाकणारा पोरगा. माल कोणाचा, हा प्रश्न बहुधा नाक्यावरच संपतो.

आम्ही मद्याचे कैवारी नव्हेत. मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यांचे कर्तव्य मानले आहे, आणि दारूपायी धुळीस मिळालेले संसार आमच्या वाचकांनी आपापल्या वाड्यावर पाहिले आहेत. परंतु ज्या व्यापारास सरकार स्वतः परवाना देते आणि ज्याच्या महसुलावर अर्थसंकल्पाची तोंडमिळवणी करते, तो व्यापार न्यायाने चालावा अशी अपेक्षा बाळगण्यास मद्यप्रेमी असावे लागत नाही.

मद्य हा विषय घटनेने राज्यांच्या सूचीत घातला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही पिण्याचे मद्य त्यातून वगळण्यात आले. परिणामी या एका वस्तूपुरते प्रत्येक राज्य जणू स्वतंत्र देश झाले आहे. एका राज्यातील माल दुसऱ्या राज्यात विकावयाचा तर तेथे लेबलाची नोंदणी, आयातीचा परवाना, इकडून निर्यातीचा परवाना आणि प्रत्येक पायरीवर शुल्क. मोठ्या कारखानदारास हा भार जड नाही. तो हवे तर त्या राज्यातच कारखाना थाटतो. सत्तरीच्या डोंगरउतारावर चैत्र-वैशाखात भाटी पेटविणाऱ्या माणसाने हे शुल्क कोठून भरावे?

आणि त्याचा माल तरी कोणता? बोंडे तुडवून काढलेला रस आंबवून, तो ऊर्ध्वपातनाने गाळून प्रथम हुर्राक आणि मग फेणी, ही या भूमीची शेकडो वर्षांची विद्या. २००९ साली काजूफेणीस भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ साली गोवा विधानसभेने कायदा दुरुस्त करून फेणीस राज्याच्या वारसा-पेयाचा मान दिला. परंतु हा मान पत्रादेवीपर्यंतच. सीमा ओलांडताच फेणी ‘देशी दारू’च्या खणात पडते आणि तिच्या विक्रीची वाट अडते. विलायती नावाच्या बाटलीस सन्मानाचे दालन आणि आपल्या मातीतल्या पेयास मागचे दार, ही गुलामीच्या काळातील वर्गवारी आपण अजून जपून ठेवली आहे.

न्यायालयांनी या प्रश्नी दिलेला विवेक ध्यानात घेण्याजोगा आहे. ओरिसाने परराज्यातील मद्यावर वाढविलेला प्रतिकर सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली रद्द ठरविला. कारण ज्याच्याशी बरोबरी साधावयाची तसे मद्य त्या राज्यात तयारच होत नव्हते. १९९४ साली त्याच न्यायालयाने सांगितले की दारूचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, राज्य त्यावर संपूर्ण बंदी घालू शकते. मात्र एकदा परवानगी दिल्यावर पात्र नागरिकांमध्ये भेदभाव करता येणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली मिशिगन व न्यूयॉर्क या राज्यांना, घरच्या द्राक्षमद्यवाल्यास ग्राहकाच्या दारी माल पाठविण्याची मुभा आणि परराज्यातल्यास मज्जाव, हा दुजाभाव घटनाविरोधी असल्याचे सुनावले. तत्त्व एकच : बंद करावयाचे तर सर्वांना बंद, उघडावयाचे तर सर्वांना उघडे. १९६० पासून दारूबंदी पाळणाऱ्या गुजरातच्या दारात फेणीने हट्ट धरू नये; पण जेथे इतर मद्य उघडपणे विकले जाते, तेथे तिने रांगेत उभे राहण्यास हरकत कोणती?

तथापि शेजाऱ्याकडे बोट दाखविताना आपल्या अंगणातील केरही पाहावा लागेल. येथील कर कमी, दर कमी. त्यामुळे सीमेलगतच्या दुकानांची भरभराट कोणाच्या तहानेवर चालते, हे अबकारी खात्यास ठाऊक नाही असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. दहा-दहा खोकी एकदम उचलणारे गिऱ्हाईक ती घरी पिण्यासाठी नेत नसते. राजमार्गाने जाण्याचा हक्क मागणाऱ्याने आडवाटेवरील कमाई सोडावयास हवी. एका हाताने न्याय मागणे आणि दुसऱ्या हाताने चोरकप्पा भरणे, हे वारशाचे रक्षण नव्हे.

म्हणून गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक या तीन राज्यांनी एकत्र बसावे. परंपरागत गाळणाऱ्या लहान उत्पादकांसाठी माफक शुल्काचा परस्पर परवाना असावा, मालाची शुद्धता तपासली जावी, आणि भाटीपासून दुकानापर्यंत प्रत्येक खोक्याचा हिशेब राहावा. काजूचे झाड राज्याची सीमा ओळखत नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या बागायतदारालाही या व्यवस्थेत आपल्या बोंडाचे मोल मिळावे. मात्र कोणताही परवाना गावाच्या इच्छेहून श्रेष्ठ असता कामा नये. महाराष्ट्रात ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ अशा मतदानाने गावच्या बायका दुकान बंद करू शकतात. दार उघडे असावे, पण त्याची कडी त्या बायाबापड्यांच्या हाती राहावी.

पत्रादेवीची ती सीमा माणसांनी प्राण देऊन पुसली. तिच्यावरून उजेडी जाऊ शकणारी वस्तू अंधारात पाठविण्याची पाळी आपल्या मुलांवर यावी, ही गोष्ट आम्हांस लज्जास्पद वाटते. सरकारलाही ती तशी वाटावी, एवढीच अपेक्षा.